बिनटर्बोच्या गाडीला ‘पिकअप’ हवाय? मग पहिले पैसे इंजिनात घालू नका

गाडीच्या माहितीपत्रकावर १०५ पीएस छापलेलं असतं. पण मे महिन्यात भर दुपारी, पारा ४२ वर असताना बीडहून नारायणगडाच्या रस्त्याला लागलेल्या गाडीत ते १०५ पीएस नसतात. गाडीत बिघाड नसतो, पेट्रोलमध्ये भेसळही नसते. हवाच कमी असते.

धाकटी पंढरी म्हणून ओळखला जाणारा नारायणगड जिल्ह्याबाहेरच्या बऱ्याच जणांना ऑक्टोबर २०२४ च्या दसरा मेळाव्यानंतर माहीत झाला. बीडचा हा परिसर समुद्रसपाटीपासून साधारण ५०० मीटर उंचीवर आहे. एवढ्या उंचीवर हवेचा दाब मुंबईपेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी असतो. त्यात ४२ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा आणखी पाचेक टक्के विरळ. दोन्ही मिळून सिलिंडरमध्ये जाणारा ऑक्सिजन दहा टक्क्यांच्या आसपास घटतो. टर्बो नसलेल्या इंजिनाकडे ही घट भरून काढायला काहीच साधन नसतं. कागदावरच्या १०५ मधले आठ-दहा पीएस तिथेच गेले.

आणि नवीन नवीन गाडी ‘मॉडिफाय’ करणारा गडी फिल्टर, सायलेन्सर आणि रिमॅपवर बराच पैसा ओतून जी ताकद वाढवू पाहतो, ती साधारण एवढीच असते. सगळं नीट जमलं तर.

टर्बो आणि बिनटर्बोत फरक कुठे पडतो?

इंजिन पेट्रोलवर चालतं हे अर्धंच खरं. एक किलो पेट्रोल नीट जाळायला १४.७ किलोच्या आसपास हवा लागते. पेट्रोल वाढवणं सोपं आहे, इंजेक्टर थोडा जास्त वेळ उघडा ठेवला की झालं. अवघड काम हवा आत घेण्याचं. बिनटर्बोचं इंजिन पिस्टन खाली ओढून, बाहेरच्या हवेच्या दाबावर जेवढी येईल तेवढीच हवा घेतं. टर्बो मात्र सायलेन्सरकडे निघालेल्या धुरावर पंखा फिरवतो आणि हवा दाबून आत कोंबतो.

याचं नेमकं उदाहरण आपल्याच राज्यात बनलं. फोक्सवॅगनने २०१० मध्ये पुण्याजवळच्या चाकणच्या कारखान्यातून पोलो बाजारात आणली. तिच्या १.६ लिटरच्या बिनटर्बो पेट्रोल मॉडेलची ताकद १०५ पीएस आणि टॉर्क १५३ न्यूटन मीटर होता. ती फार काळ टिकली नाही. २०१३ मध्ये पोलो जीटी टीएसआय आली. हिचं इंजिन १.२ लिटरचं, म्हणजे पाऊण पटच, पण टर्बोवालं. ताकद तीच, १०५ पीएस. टॉर्क मात्र १७५, आणि तोही फार कमी आरपीएमला मिळणारा.

आता या दोन गाड्या एकाच ट्यूनरकडे नेल्या तर काय होईल? टीएसआयच्या कॉम्प्युटरला ‘टर्बोचा दाब थोडा वाढव’ एवढं सांगितलं की २० टक्क्यांच्या पुढे ताकद वाढू शकते. १.६ ला असं सांगायला दाबच नाही. तिथे ट्यूनर फक्त ठिणगीची वेळ आणि पेट्रोलचं प्रमाण इकडेतिकडे करू शकतो, आणि कंपनीने ते आधीच बऱ्यापैकी नेमकं बसवलेलं असतं. पाच टक्के मिळाले तरी खूप. यूट्यूबवर दिसणारे ‘रिमॅप के बाद रॉकेट’ छापाचे व्हिडिओ बहुतेक टर्बो गाड्यांचे असतात. गल्लत इथूनच सुरू होते.

मग बिनटर्बोतून जास्त ताकद काढताच येत नाही का? येते, पण ती आरपीएममधून. दर मिनिटाला जास्त वेळा श्वास घ्यायचा, एवढाच मार्ग. होंडाच्या एस २००० मध्ये दोन लिटरच्या इंजिनातून २४० पीएस काढले होते, पण त्यासाठी सुरुवातीच्या मॉडेलचं इंजिन ९००० आरपीएमपर्यंत फिरायचं. पोर्शची ९११ जीटी३ आजही बिनटर्बो आहे आणि तिचंही गणित तेच. अशा इंजिनांचे व्हॉल्व्ह, कॅमशाफ्ट, पिस्टन मुळातच त्यासाठी घडवलेले असतात. शहरातल्या गाडीला ते नंतर बसवायचे म्हणजे इंजिन खोलून नवं बांधणं. नवख्याचं ते काम नाही आणि त्या पैशात दुसरी गाडी येईल.

आपल्याकडे सामान्य माणसाच्या खिशाला परवडणारी बिनटर्बो ‘स्पोर्ट्स कार’ म्हणजे मुळात तापट स्वभावाची हॅचबॅक किंवा सेडान. मुंबईच्या कुर्ला कारखान्यातून निघालेली फियाटची पॅलिओ १.६, होंडा सिटीची जुनी व्हीटेक, पोलो १.६. सेकंडहँड बाजारात आजही यांचे चाहते आहेत. गाडी स्वस्तात मिळते आणि मग हात शिवशिवायला लागतात.

आधी कंपनीने दिलेली ताकद परत मिळवा

बारा-पंधरा वर्षांच्या गाडीत वाढवण्यासारखं पहिलं काही असेल तर ते हरवलेलं आहे ते. झिजलेले स्पार्क प्लग, कमजोर झालेली कॉइल, काजळीने माखलेली थ्रॉटल बॉडी, धुळीने गच्च झालेला एअर फिल्टर, थकलेला ऑक्सिजन सेन्सर. यातली दोन-तीन दुखणी एकत्र असली की गाडी अशी मरगळते की दुरुस्तीनंतर मालकाला वाटतं गॅरेजवाल्याने काहीतरी जादू केली. सोबत कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यावी. चारही सिलिंडरचा दाब जवळपास सारखा आला नाही, तर पुढचा एक रुपयाही परफॉर्मन्सच्या नावाने घालण्यात अर्थ नाही. इंजिनाला टायमिंग बेल्ट असेल आणि तो कधी बदलला याची नोंद नसेल, तर तो आधी. बऱ्याच इंजिनांत तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि विषय संपतो.

ब्रेक आणि टायर: खरी वाढ इथे आहे

नारायणगडाकडे जाणारा रस्ता एकादशीला कसा असतो हे तिथे गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. पायी चालणारे वारकरी, दुचाकीवर तिघं, मध्येच वळणारी जीप. गाळप हंगामात जिल्ह्यात कुठेही रात्री गाडी चालवा, पुढे मागचे दिवे नसलेली उसाची ट्रॉली अचानक उभी ठाकते. या रस्त्यावर गाडी ०.३ सेकंद लवकर १०० ला पोहोचते की नाही याला काडीची किंमत नाही. ती किती मीटरमध्ये थांबते याला आहे.

वेग १०० वरून १२० केला, म्हणजे २० टक्क्यांनी वाढवला, की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते. ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन डिस्क आणि पॅडमध्ये जाते. तिथून ती ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते, आणि खरी गोम या ऑइलमध्ये आहे. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषलेलं तेच ऑइल १५५ अंशांच्या आसपासही उकळू शकतं. उकळलं की पाइपमध्ये वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून मांजरसुंब्याचा घाट नुसत्या ब्रेकवर उतरताना एका क्षणी पेडल मऊ होऊन आत जातं आणि गाडी मात्र थांबत नाही.

यावरचा उपाय काहीशे रुपयांचा आहे. दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल पूर्ण बदलायचं. नुसतं वरून भरायचं नाही, चारही चाकांतून जुनं काढून टाकायचं. सोबत चांगल्या कंपनीचे पॅड आणि मागच्या ड्रमचे लायनर. एवढं करूनही पेडल घट्ट वाटत नसेल, तर स्टीलच्या जाळीचे ब्रेक पाइप हा पुढचा टप्पा. मोठ्या डिस्क आणि रंगीत कॅलिपर हा त्याच्याही नंतरचा विषय आहे. कॅलिपरवर चढवलेलं लाल प्लास्टिकचं झाकण तर विषयच नाही. उलट ते उष्णता अडवून धरतं.

पण ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या जागेवर. वेग घेणं, वळणं, थांबणं, सगळं तेवढ्या जागेतून. टायरवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३२४’ असेल तर तो टायर २०२४ च्या २३ व्या आठवड्यात बनला. सेकंडहँड गाडीचे टायर नक्षीने भरलेले दिसतात, पण आठ-दहा वर्षांपूर्वीचे निघतात. असं रबर वाळून दगड झालेलं असतं आणि पहिल्या पावसात ते कळतं. नक्षीच्या खाचांत १.६ मिलीमीटरवर बारीक उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर बदलायचा, पूर्ण गोटा होईपर्यंत थांबायचं नाही.

रुंदी थोडी वाढवायला हरकत नाही, पण गणित करून. १८५/६० आर १५ या मापाच्या टायरचा व्यास ६०३ मिलीमीटर येतो. त्याऐवजी १९५/५५ आर १५ घेतला तर ५९५ च्या आसपास. फरक सव्वा टक्का, चालेल. हौसेने १७ इंची जड अलॉय चढवले तर गाडी फोटोत भारी दिसते, पण चाक फिरवायलाच इंजिनाची ताकद जास्त जाते. वर पातळ टायर खड्ड्यात गेला की रिम वाकते. मराठवाड्यातल्या रस्त्यांवर ही हौस महागात पडते.

शॉकअप आणि बुश यांचंही तसंच. जुने थकलेले शॉकअप बदलून कंपनीचेच नवे टाकले तरी गाडी वेगळीच वाटते. गाडी खाली बसवायची असेल तर तिच्यासाठीच बनवलेल्या स्प्रिंग मिळतात. ग्राइंडरने स्प्रिंगचे वेढे कापून देणारे मिस्त्री गावोगावी आहेत. त्यांच्याकडे चहा प्यायला जावं, गाडी घेऊन जाऊ नये. कापलेली स्प्रिंग आपल्या जागेवर नीट बसत नाही आणि चाक हवेत उचललं गेलं तर निसटूही शकते.

वजन: फुकटातली ताकद

गाडीचं वजन ११०० किलो धरलं तर त्यातले ५५ किलो कमी करणं आणि ताकद पाच टक्क्यांनी वाढवणं, वेग घेण्याच्या दृष्टीने जवळपास सारखंच. फरक इतकाच की वाढवलेली ताकद ब्रेकच्या कामी येत नाही आणि कमी केलेलं वजन ब्रेक, टायर, वळणं, अ‍ॅव्हरेज सगळ्यांच्या कामी येतं. डिकीतली सबवूफरची पेटी, पुढे-मागे लावलेले लोखंडी गार्ड, तीन वर्षं गाडीतच राहणारं सामान. स्टेपनी आणि जॅक मात्र राहू द्या. गेवराईच्या पुढे रात्री अकराला पंक्चर झाल्यावर तेवढे किलो फार हलके वाटतात.

जगात सर्वाधिक विकली गेलेली दोन सीटची उघड्या छताची स्पोर्ट्स कार, माझ्दाची एमएक्स-५, याच तत्त्वावर उभी आहे. १९८९ मध्ये ती आली तेव्हा तिचं बिनटर्बोचं १.६ लिटरचं इंजिन ताकदीत पोलो १.६ पेक्षा फार पुढे नव्हतं. पण गाडीचं वजन टनापेक्षा कमी होतं.

फिल्टर, सायलेन्सर, चिप

एवढं वाचूनही इंजिनाला हात लावायचाच असेल, तर काय मिळतं ते माहीत असावं.

धुऊन पुन्हा वापरता येणारा हाय-फ्लो फिल्टर कंपनीच्या डब्यातच बसतो. त्यातून एखाद-दोन पीएस मिळाले तर मिळाले. मूळ कागदी फिल्टर स्वच्छ असेल तर इंजिनाला त्याची फारशी अडचण नसतेच. शिवाय मराठवाड्यातली उन्हाळ्यातली बारीक धूळ अडवण्यात कागदी फिल्टर सहसा वरचढ ठरतो. डबा काढून उघडा कोन फिल्टर बसवला की ‘सूं’ असा आवाज येतो आणि मालक खूश होतो. पण तो बोनेटखालची तापलेली हवा ओढतो. हवा दहा अंशांनी तापली की ती सुमारे तीन टक्के विरळ होते. म्हणजे पैसे देऊन ताकद कमी करून घेतली. बाहेरची थंड हवा आणणारा इनटेक त्यातल्या त्यात शहाणपणाचा. कंपनीचा मूळ पाइप पुढच्या जाळीमागून हवा घेत असेल, तर तो आधीच तुमच्याकडे आहे.

फ्री-फ्लो सायलेन्सरने आवाज नक्की वाढतो. ताकद वाढते ती मुख्यतः इंजिनाला चिकटलेला हेडर बदलल्यावर, आणि तीही वरच्या आरपीएमला. खालचा टॉर्क कधी कधी उलट कमी होतो, म्हणजे शहरात गाडी आधीपेक्षा मंद वाटते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्ला गॅरेजमध्ये सहज दिला जातो. त्याने पीयूसीचा प्रश्न उभा राहतो, शिवाय ते बेकायदेशीर आहे.

ऑनलाइन मिळणाऱ्या हजार-बाराशेच्या ‘पॉवर चिप’मध्ये अनेकदा एक साधा रेझिस्टर असतो. तो हवेच्या तापमानाच्या सेन्सरच्या वायरीत बसवला की कॉम्प्युटरला वाटतं हवा थंडगार आहे, आणि तो पेट्रोल जास्त सोडतो. पेट्रोल जास्त, हवा तेवढीच. उरतो धूर. छोट्या पंख्याचा ‘इलेक्ट्रिक टर्बो’ आणि पेट्रोलच्या पाइपवर बांधायचं चुंबक हीसुद्धा त्याच माळेतली रत्नं.

महागड्या पेट्रोलचंही असंच. इंडियन ऑइलने २०२० च्या अखेरीस १०० ऑक्टेनचं पेट्रोल आणलं. ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. पेट्रोल दाबाखाली अवेळी पेटू नये याची ती क्षमता आहे. इंजिनाला गरज नसेल तर त्या जास्तीच्या ऑक्टेनचं ते काहीच करत नाही. पंपावर मिळणाऱ्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा मामला थोडा उलटा आहे. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त, पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं घसरतं. जुन्या गाडीत इंधनाचे रबरी पाइप एकदा तपासून घ्यावेत. बीडच्या ऊसतोड मजुरांनी तोडलेल्या उसाचा अंश असा गाडीच्या टाकीत येऊन पोहोचतो, हे जाता जाता.

कोणी ‘१५ पीएस वाढवून देतो’ म्हणालं तर डायनोचा कागद मागावा. बदलाआधीचा आणि नंतरचा, त्याच मशिनवरचा, शक्यतो त्याच दिवसाचा. सकाळी गार हवेत एक आणि दुपारी तापल्यावर दुसरी चाचणी झाली तरी आकडे बदलतात, हे सुरुवातीलाच दिसलं. आणि डायनोवर चाकाशी मोजलेला आकडा माहितीपत्रकापेक्षा कमीच येतो, कारण मध्ये गिअरबॉक्स थोडी ताकद खातो.

आरटीओ आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवर नोंदलेल्या, कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या प्रकरणात हीच भूमिका पक्की केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि प्रदूषणाचे नियम मोडल्यास कलम १९० खाली पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. फ्री-फ्लोची खरी किंमत काढताना हे धरायला हवं. पॅड, ब्रेक ऑइल, शॉकअप, योग्य मापाचे टायर हे झिजणारे भाग बदलणं असल्याने ते या कचाट्यात येत नाहीत.

विम्याचं दुखणं जास्त मोठं आहे, कारण ते अपघातानंतर कळतं. गाडीत बदल केला आणि कंपनीला कळवलं नाही, तर सर्व्हेअरच्या अहवालात ते येतं आणि क्लेम अडकू शकतो. स्वतःच्या गाडीचा खर्च तर अंगावर येतोच, पण अपघातात दुसरं कुणी जखमी झालं असेल तर प्रकरण न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं रेंगाळतं. मग ४० हजारांच्या हौसेचा हिशेब लाखांत जातो.

वेग तपासायचाच असेल तर सोलापूर-धुळे महामार्ग ही त्याची जागा नाही. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं कलम १८९ खाली गुन्हा आहे. लोणावळ्याजवळच्या अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झालेल्या आहेत. पुरेसे पैसे जमले तर कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक आहे. ट्रॅकवर पहिल्यांदा गेलेल्याला साधारण चौथ्या-पाचव्या फेरीला ब्रेक ऑइलचं महत्त्व पटतं.

२०१०-११ च्या पोलो १.६ घेणाऱ्यांसाठी आणखी एक. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. ती संपली की आरटीओत गाडी दाखवून, पर्यावरण कर भरून पुढच्या पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावं लागतं. या गाड्या नेमक्या त्या टप्प्यावर आहेत. त्यामुळे व्यवहार ठरवताना जुन्या मालकाकडे कंपनीचा मूळ सायलेन्सर आणि फिल्टरचा डबा आहे का हे विचारून घ्यावं, आणि नसेल तर तो मिळवण्याचा खर्च गाडीच्या किमतीतून वजा करावा.